हवीं तीं विमानें कां मिळत नाहींत?

वाढदिवसाला एखादे काका किंवा मामा मुलांसाठीं विमानाच्या जुळणीचा संच घेऊन आले, म्हणजे पुढील चार दिवस त्या घरांतील टेबल जेवणास मोकळें मिळत नाहीं. वर्तमानपत्रावर पंख वाळत पडलेले असतात, कापलेल्या काड्या पायांस टोंचतात, रंगाच्या वासानें आजीबाई त्रासतात, आणि ज्याच्यासाठीं संच आणला तो चिरंजीव बाजूस राहून त्याचे वडीलच डोळ्याशीं भिंग धरून बसलेले आढळतात. या छंदास निव्वळ पोरखेळ म्हणणारांनीं हें दृश्य एकदां पाहावें.

अशा हौशी मंडळींचा एक आवडता उद्योग असा, कीं जें विमान मोठ्या प्रमाणाच्या संचांत कोणीं आणलेलें नाहीं, नेमकी त्याचीच आस धरावयाची. त्याच्या याद्या करावयाच्या. कारखानदाराचें नवें सूचिपत्र येतांच त्यांत आपलें विमान आहे कीं नाहीं हें अधीरतेनें पाहावयाचें, आणि नसल्यास पुढल्या वर्षाची वाट पाहावयाची. बाहेरच्या माणसास यांत हंसण्याजोगें वाटेल. परंतु एका विमानाची प्रतिकृति निघते आणि दुसऱ्याची निघत नाहीं, याचीं कारणें शोधूं गेल्यास, एखादा समाज आपल्या कर्तबगारीची आठवण कशी राखतो व कशी गमावतो, याचा तो एक धडाच ठरतो, असें आम्हांस वाटतें. म्हणून आजच्या लेखांत आम्ही या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधीत आहों.

प्रमाणाचा हिशेब

सर्वांत प्रचारांतलें प्रमाण १/७२ होय. सहा फुटांस एक इंच असा त्याचा हिशेब. म्हणजे सहा फूट उंचीचा वैमानिक या प्रमाणांत एक इंचाचा होतो. १/४८ म्हणजे फुटास पाव इंच. हौशी लोक ज्यास मोठें प्रमाण म्हणतात तें याच्या पुढचें: १/३२, म्हणजे फुटास तीन अष्टमांश इंच, आणि १/२४, म्हणजे फुटास अर्धा इंच. हे आंकडे इंग्रजी फूटपट्टींतून आले असून मीटरपद्धति रूढ झाल्यावरहि कायम राहिले आहेत.

१/७२ वरून १/२४ वर गेलें म्हणजे लांबी तिप्पट होते, एवढेंच प्रथम ध्यानांत येतें. परंतु लांबी तिप्पट झाली कीं पृष्ठभाग नऊपट आणि घनफळ सत्तावीसपट होतें, हें शाळेंतील गणित येथें प्रत्ययास येतें. स्पिटफायर या प्रसिद्ध लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. १/७२ मध्यें तो सुमारें साडेपंधरा सेंटिमीटर भरतो, तर १/२४ मध्यें पावणेसत्तेचाळीस. लहान प्रतिकृतींत वैमानिकाच्या आसनाच्या जागीं एक उंचवटा ठेवला तरी डोळा क्षमा करतो. मोठ्या प्रतिकृतींत तोच डोळा आसनाच्या पट्ट्याचें बक्कल शोधूं लागतो. चाकें जेथें दुमडून जातात त्या पोकळींतील नळ्या मोजूं लागतो. पत्र्यावरील रिबिटांच्या ओळी सरळ आहेत कीं नाहींत हें तपासूं लागतो. एअरफिक्स या इंग्रज कारखान्यानें २००९ सालीं मॉस्किटो विमान १/२४ प्रमाणांत काढलें, तेव्हां एकाच पेटींत सहाशेंहून अधिक भाग भरावे लागले, तें याच कारणानें.

मोठेपणास अर्थात् घराच्या भिंतींची मर्यादा आहे. अमेरिकेच्या बी-३६ या अवाढव्य बाँबफेकी विमानाचा पंखविस्तार २३० फूट. तें १/३२ मध्यें केल्यास ७ फुटांहून अधिक होईल. आणि एकत्र कुटुंबांत त्यास जागा द्यावयाची तर एखाद्या धाकट्या जोडप्यास वेगळें बिऱ्हाड करून द्यावें लागेल! अशा विमानांची इच्छा इच्छाच राहिली तर त्यांत नवल नाहीं. परंतु ज्या विमानांस पुस्तकांच्या कपाटांतील एक फळी पुरेल, तींहि मिळत नाहींत. त्याचें कारण निराळें आहे.

साचा आणि त्याचा खर्च

हे संच बहुधा पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकचे असतात. त्याचे दाणे सुमारें दोनशें अंश सेंटिग्रेड उष्णतेनें वितळवून, पोलादी साच्याच्या दोन अर्धांमध्यें मोठ्या दाबानें भरतात. थोड्याच वेळांत रस थिजतो, साचा उघडतो, आणि पंख, चाकें, दारें, आसनें एका चौकटीस काड्यांनीं जोडलेलीं अशीं बाहेर पडतात. प्लॅस्टिक स्वस्त आणि काम झटपट. महाग काय तो साचा. पोलादाच्या ठोकळ्यांत केसाएवढ्या रेघेपर्यंत सारी आकृति उलटी कोरावयाची, आणि दोन्ही अर्धे असे बसले पाहिजेत कीं फटींतून रसाचा पापुद्राहि बाहेर येऊं नये. हा सारा खर्च पहिली पेटी विकली जाण्यापूर्वीं करावा लागतो. आणि संच शंभर काढले काय किंवा लाख काढले काय, साच्याचा खर्च तोच. लाखांत वांटला म्हणजे तो दिसतहि नाहीं. शंभरांत वांटला म्हणजे एका पेटीची किंमत ऐकून गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरतें.

यामुळें कारखानदाराचा पहिला प्रश्न, विमान चांगलें होतें कीं वाईट हा नसतो. हें विमान किती देशांतील किती लोकांच्या ओळखीचें आहे, एवढेंच तो विचारतो. स्पिटफायर इंग्लंडांत आबालवृद्धांच्या परिचयाचें. म्हणून एअरफिक्सनें १९५३ सालीं त्याचा लहान संच अवघ्या दोन शिलिंगांस काढला, आणि १९७० सालीं तेंच विमान १/२४ मध्यें आणलें. ओळख असते म्हणून संच निघतो, आणि संच निघतो म्हणून पुढील पिढीस ओळख राहते. हें चक्र ज्याच्या बाजूनें फिरूं लागलें त्याचें फिरतच राहतें. ज्याच्या बाजूनें एकदांहि फिरलें नाहीं, तें विमान विस्मृतींत जातें.

दुसरा प्रश्न मापांचा. कारखान्यांतील मूळ रेखाचित्रें पुष्कळदां नष्ट झालेलीं असतात, आणि उपलब्ध चित्रें परस्परांशीं जुळत नाहींत. हल्लीं संग्रहालयांतील विमानावर प्रकाशकिरण फिरवून त्याचीं मापें यंत्रानें टिपतां येतात. परंतु त्यासाठीं एक तरी विमान शाबूत उरलें पाहिजे.

क्वचित् एखादा धनवान् हौशी मनुष्यच पुढें होतो. न्यूझीलंडचे चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनीं पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या प्रेमामुळें विंगनट विंग्ज ही संस्था काढली. २००९ पासून तिनें १/३२ प्रमाणाचे अत्यंत देखणे संच बाजारांत आणले. पुढें लँकेस्टर हें चार इंजिनांचें बाँबफेकी विमानहि तिनें जाहीर केलें. परंतु २०२० सालीं संस्थाच बंद पडली, आणि तिच्या नांवाचें लँकेस्टर दुकानांत आलें नाहीं. पोलादी साच्यांचा व्यवहार प्रेमावर सुरू होऊं शकतो, प्रेमावर चालत नाहीं, एवढें यावरून दिसतें. मध्यम मार्गहि आहेत. चेक प्रजासत्ताकांतील कांहीं कारखाने अल्पायुषी, कमी खर्चाचे साचे करून थोडेच संच काढतात. कोणी सिलिकोन रबराच्या साच्यांत राळेसारखा द्रव ओतून कांहीं डझन नग करतात. संगणकावर आकृति करून ती थरावर थर चढवीत छापून काढण्याचें यंत्रहि आतां पुष्कळ हौशी लोकांच्या घरीं पोहोंचलें आहे.

एका शिल्पकाराचीं दोन विमानें

हीं सर्व कारणें एका उदाहरणांत पाहावयाचीं असतील, तर कुर्ट टांक या जर्मन विमानशिल्पकाराच्या दोन कृति शेजारीं शेजारीं ठेवाव्या. त्याचें फोके-वुल्फ १९० हें लढाऊ विमान प्रथम १९३९ सालीं उडालें. दुसऱ्या महायुद्धांत तीं वीस हजारांहून अधिक बांधलीं गेलीं. एअरफिक्स, रेव्हेल, हासेगावा, तामिया या चारहि प्रमुख कारखान्यांनीं त्याचे संच काढले. एअरफिक्सनें तर १/२४ मध्येंहि काढला. ज्या राजवटीसाठीं तें विमान लढलें ती रसातळास गेली; पण विमान मात्र जगांतील लक्षावधि मुलांच्या कपाटांत आहे.

याच टांकांस भारत सरकारनें पाचारण केलें आणि १९५६ सालीं ते आपले सहकारी घेऊन बंगळूरास आले. तेथील विमानकारखान्याचा पाया १९४० सालीं आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं म्हैसूर संस्थानच्या साह्यानें घातला होता. त्या कारखान्यांत भारतीय अभियंत्यांच्या सहकार्यानें टांकांनीं एचएफ-२४ हें जेट लढाऊ विमान रचलें. त्यास 'मारुत' हें वायुवाचक नांव देण्यांत आलें. आमच्या वाचकांस हें सांगतांना आनंद वाटतो, कीं या विमानाचा आरंभच एका प्रतिकृतीनें झाला: १९५९ सालीं मूळ आकाराचें, लांकडी, बिनइंजिनाचें मारुत तयार करून डाकोटा विमानाच्या मागें बांधून उडविण्यांत आलें, आणि त्यावरून त्याच्या वागणुकीचा अभ्यास झाला. खरें मारुत १७ जून १९६१ रोजीं सुरंजन दास या वैमानिकानें उडविलें.

त्याची अंगलट पाहण्यासारखी आहे. नाकाड लांब व निमुळतें, पंख मागें झुकलेले, आणि पंख जेथें जोडले आहेत तेथें धडाची कंबर किंचित् आवळलेली. ध्वनीच्या वेगाजवळ गेल्यावर हवेचा विरोध एकाएकीं वाढतो. तो कमी करावयाचा तर पंख व धड मिळून होणारा छेद पुढून मागें हळूहळू बदलला पाहिजे, म्हणून पंखांपाशीं धड बारीक करावें लागतें. जितका वेग टांकांस अभिप्रेत होता तितक्यास लागणारें बलवान् इंजिन मात्र या विमानास कधींच मिळालें नाहीं. ऑर्फ्यूस जातीच्या दोन साध्या इंजिनांवरच त्यास आयुष्य कंठावें लागलें. तरीहि १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या सरहद्दीवर जमिनीलगत मारा करण्याचें काम त्यानें चोख बजावलें. सारीं मिळून १४७ मारुतें झालीं, आणि १९९० पर्यंत तीं सेवेंतून निवृत्त झालीं.

आतां हिशेब पाहा. मारुताची लांबी १५.८७ मीटर व पंखविस्तार ९ मीटर. १/३२ मध्यें लांबी पन्नास सेंटिमीटरांच्या आंत आणि विस्तार सुमारें अठ्ठावीस. कपाटाची एक फळी बस्स आहे. मापें घ्यावयाचीं तर बंगळूरच्या विमान-संग्रहालयांत, मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रांत, फार काय जर्मनींत म्यूनिकजवळील श्लाइसहाइम येथेंहि हें विमान उभें आहे. तरी वर सांगितलेल्या चार कारखान्यांपैकीं एकानेंहि १/३२ किंवा १/२४ मध्यें मारुत काढलेलें नाहीं. शिल्पकार तोच. अडचण आकाराची नाहीं, मापांचीहि नाहीं. वीस हजार विमानें आणि १४७ विमानें, अनेक देशांतील गिऱ्हाइकें आणि एका देशांतील मूठभर हौशी, एवढाच हा फरक आहे.

यास कोणी परदेशी कारखानदारांचा पक्षपात म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. शिझुओका येथील किंवा लंडन येथील व्यापाऱ्यानें आमच्या आठवणींसाठीं आपले पैसे कां गुंतवावे? आमच्या घरांतून स्पिटफायरच्या चार पेट्या येतात आणि मारुताची चौकशीहि होत नाहीं, हें त्याच्या वहींत स्पष्ट लिहिलेलें आहे.

आणखी दोन नांवें

मारुताच्या पंक्तीस आम्ही आणखी दोन विमानें बसवूं. पहिलें एचटी-२. कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं जर्मनींत गटिंगेन येथें लुडविग प्रांटल या वायुगतिशास्त्राच्या आचार्यांपाशीं अध्ययन केलें आणि मायदेशीं परतून आपली विद्या बंगळूरच्या कारखान्यास दिली. त्यांच्या नेतृत्वाखालीं रचलेलें हें शिकाऊ वैमानिकांचें विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजीं उडालें. मागेंपुढें दोन बैठकी, खालच्या अंगास पंख, न दुमडणारीं चाकें, असें तें साधेंसुधें विमान. परंतु आपल्या कित्येक वैमानिकांनीं आकाशाचीं मुळाक्षरें त्यावर गिरविलीं. महाराष्ट्रांतील किती सुशिक्षित घरांत डॉ. घाटग्यांचें नांव मुलांस ठाऊक आहे, हा प्रश्न प्रत्येकानें आपल्याच घरांत विचारून पाहावा.

दुसरें वापिटी. हें विमान बनावटीनें इंग्रजी खरें. परंतु १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीच्या ड्रिग रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती अशा चार विमानांवर. दुहेरी पंख, मध्यें खांब, आणि खांबांमध्यें ताणलेल्या तारा. १/३२ मध्यें याचा विस्तार सुमारें चव्वेचाळीस सेंटिमीटर होईल, आणि एकेक तार ओढतांना करणाराच्या धीराची परीक्षा होईल. दिल्लींत पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयांत एक वापिटी जतन केलेलें आहे.

इच्छेनें साचा निघत नाहीं

मग हौशी माणसानें काय करावें? वाट पाहणें हा एक मार्ग आहे. पण वाट पाहण्यास आपल्यापाशीं फार वेळ उरलेला नाहीं. उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचे पत्रे ऊनपावसानें गंजतात, त्यावरील अक्षरें पुन्हा पुन्हा रंगविल्यानें मूळचा रंग कोणता हें कळेनासें होतें. आणि पत्र्याहूनहि लवकर जाणारी गोष्ट म्हणजे माणसाची आठवण. १९७१ सालीं पंचविशींत असलेला वैमानिक किंवा यंत्रज्ञ आज ऐंशीच्या घरांत आहे. आसनाच्या डाव्या बाजूची मूठ कोणत्या रंगाची होती, चाकांच्या पोकळींत रंग लावीत कीं नुसताच पत्रा ठेवीत, हें सांगणारे तेच. तीं मंडळी गेल्यावर पोलादी साचा फुकट मिळाला तरी त्यांत कोरावें काय हा प्रश्न पडेल.

म्हणून आमची सूचना अशी. ज्यांच्या नात्यांत किंवा शेजारीं अशी वृद्ध मंडळी आहेत, त्यांनीं सुटीच्या दिवशीं मुलांस त्यांच्यापाशीं बसवावें आणि ते सांगतील तें तारीखवार लिहून घ्यावें. संग्रहालयांत गेल्यावर केवळ विमानापुढें उभें राहून छायाचित्र काढून घेण्याऐवजीं, अधिकाऱ्यांची परवानगी काढून, विमानाशेजारीं मीटरची काठी धरून समोरून, बाजूनें आणि मागून चित्रें घ्यावींत. ज्या घरीं लांकडाचें काम येणारा कोणी आहे, तेथें या मापांवरून १/३२ चें मारुत करून पाहावें. हिशेब सोपा आहे: खऱ्या विमानाचा एक मीटर म्हणजे प्रतिकृतींत सवाएकतीस मिलिमीटर. पुठ्ठ्याचे छेद कापावे, सांवरीसारखें हलकें लांकूड घ्यावें, आणि पुठ्ठा चोहोंकडून बरोबर बसेपर्यंत तें घांसावें. पंखांपाशीं कंबर कां आवळली आहे हें दहा पुस्तकें वाचून जितकें समजणार नाहीं, तितकें कानसीच्या दहा फेऱ्यांत समजतें.

लांकडाच्या प्रतिकृतीस कोणीं कमी लेखूं नये. आज या धंद्यांत अग्रेसर असलेल्या तामिया कंपनीचा आरंभ १९४६ सालीं शिझुओका येथें लांकडाच्या व्यापारानें झाला. १९४८ पासून ती लांकडी प्रतिकृति करूं लागली, आणि प्लॅस्टिकचा पहिला संच तिनें १९६० सालीं काढला. १९४२ सालीं शत्रुमित्रांचीं विमानें ओळखण्याचें शिक्षण सैनिकांस देतां यावें म्हणून अमेरिकेच्या आरमारानें देशांतील शाळांकडे पांच लाख प्रतिकृतींची मागणी केली, तेव्हां तीहि विद्यार्थ्यांनीं लांकूड तासूनच पुरविली. आधीं हात, मग साचा, असाच या छंदाचा क्रम आहे.

अशीं पन्नास घरीं केलेलीं मारुतें एखाद्या शाळेच्या दिवाणखान्यांत मांडलीं गेलीं, त्यांस मापांचीं टिपणें जोडलीं गेलीं, आणि तीं पाहून पांचशें मुलांनीं 'हें कोठें मिळतें?' असें विचारलें, म्हणजे एखाद्या आपल्याच कारखानदारास लहानसा साचा करण्याची हिंमत होईल. त्याची पेटी परदेशी पेटीइतकी देखणी नसली, एखादा पंख गरम पाण्यांत बुडवून सरळ करावा लागला, तरी ती आपण विकत घेतली पाहिजे. कारण दुसऱ्या विमानाचा साचा पहिल्याच्या विक्रींतूनच निघतो. असा संच उद्यां निघाला तर आनंदच आहे. परंतु तो काढणारा मनुष्य मापें मागण्यास दाराशीं येईल तेव्हां, तीं लिहून ठेवलेली वही आपल्यापैकीं कोणाच्या तरी घरीं असली पाहिजे.